नाक खाली

नवरा रिमोटवरची विमानं उडवायचा. शेवटी शेवटी त्याचा जीव एका जेटवर होता: फोमचं, पोटात बॅटरीवर चालणारा पंखा. रिमोट त्याच्या हातात असायचा आणि मी त्याच्या खांद्याशी उभी राहून नजर ठेवायची. वेग मरू लागला की मी ओरडायची, "नाक खाली!"

गेल्या वर्षी तो गेला. झोपेतच. मुलगी पुण्याला असते. म्हणाली, "आई, ते विमान देऊन टाक ना कुणालातरी." मी हो म्हटलं, आणि दिलं नाही. आधी कॉम्प्युटरवरच्या नकली विमानावर, मग त्याच्या जुन्या शिकाऊ विमानावर हात बसवत राहिले.

थंडी सरता सरता एका सकाळी देवपुरातल्या घरून गाडी काढली. शहराबाहेर प्लॉट पाडून ठेवलेत. घरं नाहीत, नुसता डांबरी रस्ता आहे. आम्ही तिथेच जायचो. दूर एक म्हातारे बाबा शेळ्या चारत होते. बाकी कुणी नाही.

जेट सरळ वर गेलं. नवऱ्याची एक पद्धत होती: उतरवण्याआधी भरपूर उंचीवर मुद्दाम वेग पार कमी करायचा, पंख किती वेगाला हवा सोडतात ते बघून ठेवायचं. मी पंखा बंद केला, रिमोटची काडी हळूहळू मागे ओढली. जेट लगेच पडत नाही. नाक वर करून शांत उभं राहिल्यासारखं वाटतं, आणि तिथेच माणूस फसतो. मग डावा पंख एकदम कोसळला. हात म्हणतो, ओढ. ओढलं की संपलं.

"नाक खाली!" मी किंचाळले. मोकळ्या रानात माझाच आवाज मला परका वाटला.

काडी पुढे ढकलली, पंखा पुन्हा चालू केला. पंख्याला जोर धरायला क्षणभर लागतो, आणि नाकावर पातं असलेल्या विमानासारखा शेपटीवर त्याचा वाराही येत नाही. खाली पडूनच वेग परत मिळवायचा. ते पडत राहिलं, आणि मग हवेनं त्याला उचललं.

उतरताना वेग थोडा जास्तच ठेवला. पुढचं चाक वाकलं, बाकी सगळं शाबूत.

म्हातारे बाबा जवळ आले. "अक्का, बरोबर कोनी नही का?"

"नाही, बाबा."

"मंग आवाज कोनले दिन्हा?"

"विमानाला," म्हटलं.

त्यांनी मान हलवली. तेही दिवसभर शेळ्यांशीच बोलत असतील. "बराबर शे," म्हणाले आणि कळपामागे निघून गेले.

पंख नेमका कुठे सुटतो ते मला आता कळलं होतं. कुणालातरी सांगावंसं फार वाटलं. मुलीला फोन लावला. "आई, मीटिंगमध्ये आहे. काही अर्जंट आहे का?"

"नाही गं, सहज," म्हटलं. मग गाडीचं दार उघडं ठेवून जेटचं वाकलेलं चाक सरळ करायला बसले.