पितळेच्या पाटीची वरची ओळ

या ग्रुपवर लोकं भुताखेताचं लिहितात, ते मी वाचतो अन् हसतो. आमच्या घरी अंगारा-धुपारा कधी चालला नाई. बापानं बुद्ध धम्म घेतला, तवापासून भगताले अंगणातही पाय ठेवू दिला नाई. मी चौथी शिकलेला माणूस. ऊर्जानगरच्या वीज कारखान्यात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर उमर गेली. डोळ्याले दिसते तेवढंच खरं मानतो. तरी हे लिहून राह्यलो... चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

माझी बायको शेवंता मागच्या पोळ्याच्या आधी गेली. तिच्याबिगर घर कसं लागते ते सांगत नाई. ज्याची गेली त्याले माहीत.

चंद्रपुरात एक इंग्रजाच्या वेळचं चर्च आहे. शेवंता तिथं दर शनिवारी सकाळी झाडझूड करे. आत भिंतीवर पितळेची मोठी पाटी आहे. जंगल खात्याच्या कोण्या गोऱ्या साहेबाची बायको इकडं तापानं मेली, त्यानं तिच्या आठवणीत लावलेली. कोरलेल्या चार ओळी. शेवंता चिंच अन् राखेनं ती घासे, अक्षरात अडकलेली राख झाडूच्या काडीनं काढे, मग जुन्या लुगड्याच्या तुकड्यानं पुसे. पण बाई बुटकी! बादली पालथी घालून उभी राह्यली तरी हात तीनच ओळींपर्यंत पोचे. खालच्या तीन ओळी सोन्यावानी, वरची काळी ठिक्कर.

"तुमचा हात पुरते," मले म्हणे. "एक दिवस चला न. चर्चवाली सुशीलाबाई सांगते, वरच्या ओळीत त्या मेलेल्या बाईचं नाव आहे. बाकी सारं चमकते, नावच काळं राह्यते बिचारीचं."

"चमकवून मले का भेटन?"

"चहा भेटन."

"चहा घरी भेटते."

अकरा वर्षं हेच चाललं. गेलो नाई म्हणजे नाईच. तिचं शेवटचं दुखणं होतं तवाही एकदा म्हणाली, "ती ओळ राह्यली पहा." मी मान हलवली, बस.

सुशीलाबाई म्हणजे चर्चची देखभाल करणारी, शेवंताची मैत्रीण. आवारातच राहते, कुलूप तिच्याच हाती. यंदा उन्हाळ्यात तिचा फोन आला — "भाऊ, शेवंताची बादली पडून आहे, घेऊन जा." शनिवारी गेलो. पाटी पाह्यली त पूर्ण काळी. शेवंता गेल्यावर कोणी पुसलंच नाई. म्हटलं, बादली राहू द्या बाई, पुढच्या शनिवारी येतो, ती वरची ओळ करून देतो.

आता माझी अक्कल पहा. चिंच कोण भिजवत बसते? मी संडास धुवायचं ॲसिड नेलं! फडकं बुडवलं अन् वरच्या ओळीवर फिरवलं. पितळ झालं गुलाबी... जांभाच्या, म्हणजे पेरूच्या, फोडीवानी.

"भाऊ, हे का केलं!" सुशीलाबाई ओरडली. "पाटी आहे का संडासाचं भांडं? शेवंता असती त तुमाले बाहेर काढलं असतं!"

"असती त मी आलोच नसतो," मी म्हटलं. बोललो अन् रडू आलं. अकरा वर्षांनी एक काम केलं, तेही नासवलं. घरी येऊन जेवलो नाई.

पुढच्या शनिवारी तोंड पाडून गेलो. सुशीलाबाईनं माझ्यासमोर कुलूप काढलं. आत पाहतो त — खालच्या तीन ओळी चकाचक! वरची तशीच गुलाबी. पाटीखाली बादली पालथी. अन् बादलीवर भिजवलेल्या चिंचेचा गोळा. ओला.

"बाई, तुमीच केलं हे."

"माह्या गुडघ्यानं? अन् मी शेवंताहून वीतभर उंच हाओ, भाऊ. मी घासली असती त चारही घासल्या असत्या. रविवारी प्रार्थना झाली तवा काळीच होती. मग कुलूप लावलं ते आता काढलं."

मी वाकून चिंचेले बोट लावून पाह्यलं. मग सुशीलाबाई हसाले लागली. "उभे काऊन? तिनं चिंच ठेवली आहे. लागा कामाले!"

सुशीलाबाईच्या चुलीतली राख घेतली. दोन घंटे घासलं, गुलाबी गेलं, पिवळं आलं. काडीनं अक्षरं मोकळी केली. मले इंग्रजी येत नाई. सुशीलाबाईनं वाचलं — "एमिली." म्हटलं, बरं झालं बाई तुझं नाव समजलं.

तवापासून दर शनिवारी हेच. मी जातो त तीन ओळी झालेल्या, वरची बाकी. दोनदा आजारानं गेलो नाई, त वरची तेवढी काळवंडली. बेइमानी नाई तिची, माझ्या वाटणीचं करून ठेवत नाई.

लोकं म्हणतात, कॅमेरा लावा. काऊन लावू? काम करताना कोणी टक लावून पाह्यलेलं शेवंताले आवडत नव्हतं. भूत मी आजही मानत नाई. चिंच कोण भिजवते तेही मले सांगता येत नाई. तुमच्यापैकी कोणाले समजलं त तुमच्यापाशीच ठेवा.

घासणं झालं की सुशीलाबाई चहा आणते. शेवंता खोटं बोलली नव्हती... चहा भेटते. घरच्यापेक्षा चांगला असते.