दिसेल तेवढाच पत्रा

सन १९५८. माझं वय तेव्हा सव्वीस होतं, आणि त्या वयात मला सगळं येत होतं.

शाळेत मी तिसरीपर्यंत गेलो. तिसरीत मास्तरांचे आणि माझे मतभेद झाले (सतरा सक्कं किती, यावर). मास्तर त्यांच्या उत्तरावर अडून बसले, मी माझ्या. मग मी उत्तर सोडलं नाही, शाळा सोडली! तेव्हापासून हिशेब डोळ्यांनी करायचा, वहीत नाही, असा माझा बाणा.

आमचं गाव प्रकाशा या तीर्थाच्या अलीकडे, तापीच्या काठाला. वडील लवकर गेले, म्हणून बहिणीचं, यमुनेचं, लग्न माझ्या डोक्यावर. आमच्या घराण्याची एक रीत होती. बहिणीला लग्नात पत्र्याची पेटी द्यायची ती भावानं स्वतः पत्रा आणून करवून द्यायची, बाजारची तयार नाही. यमुनेनं माझ्याकडे दुसरं काहीच मागितलं नव्हतं. म्हणाली, "दादा, कुलूप लागनारी पेटी दे फक्त. सासरमा बठ्ठं घर त्यासनं ऱ्हास. पेटी तेवढी मन्ही."

सासरी सगळं घर त्यांचं, तिची तेवढी पेटी. आता सांगा, एवढ्या मागणीत चूक करायला जागा कुठे आहे? मी काढली.

शेजारच्या दामूनानांच्या घरात एक झकास पेटी होती. कोपऱ्यात, विटांवर ठेवलेली. मी दारातच उभा राहिलो, एक डोळा मिटून सुतळी समोर धरली आणि माप घेतलं. पुढची बाजू दोन हात लांब, एक हात उंच. डावी बाजू एक हात बाय एक हात. वरचं झाकण दोन हात बाय एक हात. दोन आणि एक आणि दोन, पाच! पाच चौरस हात पत्रा. एवढं सोपं गणित मास्तरांना आयुष्यात जमलं नसतं.

घरी येऊन मी आकडा जाहीर केला. यमुना भाकरी थापत होती. ती सातवी पास (हा दोष तिचा, मी कधी काढला नाही). हात पुसून तिनं चुलीतला कोळसा घेतला आणि सारवलेल्या भुईवर काहीतरी काढायला बसली. मधे एक लांब पट्टा, दोन्हीकडे फुटलेले कान.

"हाई काय?" मी विचारलं. "पेटी करनी शे का सोंगट्या खेळनी शेत?"

"हाई पेटीच शे, दादा. उलगडेल पेटी. खोकं फाडीसन भुईवर पसरावं ना, तशी. मोज, सहा अंग शेत का नही? पुढलं तसं मांगलं. डावं तसं उजवं. वरलं तसं खाललं. पाच नही, दहा हात पत्रा लागी."

"दहा? दहा हातमा तर घरवर छप्पर पडी!"

"तू एकच जागावर उभा ऱ्हायना. दिखस तितलंच मोजं. जरा फिरीसन तं देख!"

फिरून बघायचं? एका सातवी पास पोरीच्या सांगण्यावरून? मी दुसऱ्याच दिवशी शहाद्याला गेलो आणि पाच हात पत्रा मापून आणला. वीतभर जास्त नाही. गल्लीत चार जणांना दाखवून सांगितलं, "काटछाट नाही, वाया काही नाही. याला म्हणतात नजर!"

लग्नाच्या आदल्या दिवशी पत्र्याचं काम करणारे रज्जाकचाचा आले. वयस्कर माणूस, हातात कातर, पायाशी पत्रा ठोकायची लाकडी मोगरी. पत्रा पसरला, खडूनं रेघा ओढल्या, आणि मग ते माझ्या मागे काहीतरी शोधू लागले.

"भाऊ, बाकीचा पत्रा?"

"बाकीचा कोनता?"

"पेटीचा."

"हाऊच पेटीचा."

चाचांनी कातर खाली ठेवली. पुढच्या बाजूचा तुकडा उभा धरला, शेजारी डावीकडचा लावला, वर झाकण ठेवलं. मग मला खांद्याला धरून मागच्या बाजूला नेलं. आणि तिथून मला, त्या पेटीतून तिरकं उजवीकडे आरपार, आमचा बैल दिसला.

मागची बाजू नाही. उजवी नाही. बूड नाही! उद्या दुपारी लग्न. शहाद्याचा दुकानदार शेट त्या दिवशी पुतण्याच्या लग्नाला गेलेला, दुकानाला कुलूप. आतून माय ओरडतेय, "नामा, पेटी व्हयनी का रे?"

"व्हई ऱ्हायनी!" मी ओरडलो. (खोटं नव्हतं. अर्धी होत होती.)

चाचा हळूच म्हणाले, "माँ को बता दो, भाऊ."

पण माणूस ताठ असला की त्याला वाकायला सांधाच नसतो. मी म्हणालो, "चाचा, पेटी कोपऱ्यात ठेवायची. मागे भिंत, उजवीकडे भिंत, खाली भुई. तीन बाजू देवानंच दिल्या आहेत. तुम्ही फक्त देवानं न दिलेल्या करा."

चाचांनी कपाळाला हात लावला, पण काम मात्र सुबक केलं. तीन पत्रे जोडले, पुढे निळा रंग, त्यावर गुलाबी कमळ, कडी आणि पितळी कुलूप. लग्नाच्या दिवशी पहाटे कोणी उठायच्या आत मी ती आतल्या खोलीच्या कोपऱ्यात बसवली. भुईवर चादर, चादरीवर यमुनेची लुगडी नीट रचली, आणि त्यावर पेटी म्हणजे नुसती टोपी घातल्यासारखी. दारातून बघितलं तर अगदी दामूनानांची पेटी! कुलूप असं चमकत होतं की चोरालाही त्याचा मान राखावासा वाटावा.

आणि मी त्या पेटीशेजारी खांबासारखा उभा राहिलो.

नवरदेव दारात आला, मी नाही हललो. लोक विचारायला लागले, "नवरीना भाऊ कोठे शे?" माय सांगतेय, "बहीन जाई ऱ्हायनी ना, त्याले रडू येस." मंगलाष्टकं संपली आणि कानपिळीसाठी माझ्या नावाचा पुकारा झाला. आता आली का पंचाईत! नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, हे दुसरा कोण करणार? मी धावत गेलो, कान पिळला आणि धावत परत. इतक्या घाईत, की नवरदेवाचा पिळला की शेजारच्या करवल्याचा, हे मला आजही खात्रीनं सांगता येणार नाही!

परत येतो तर पेटीसमोर यमुनेची सासू. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, नजर सोनाराची.

"पेटी चांगली शे हो, नामाभाऊ. जरा पुढे वढा ना. मांगेतून रंग कसा शे, देखूत."

"मांगलं अंग वल्लं शे, मावशी."

"अन उजवं?"

"तेबी वल्लं."

"मंग पुढलंच कसं सुकनं?"

"पुढे ऊन लागस."

"घरमा?"

मावशी डावीकडे सरकल्या, मी डावीकडे. त्या उजवीकडे, मी उजवीकडे. बाहेरून कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, हे दोघे फुगडी घालताहेत!

तेवढ्यात वरपक्षाची दोन दांडगी माणसं आत आली. गाडीत सामान भरायचं होतं.

"तुम्ही राहू द्या!" मी म्हणालो. "जेवा आधी."

"आमनं जेवन व्हयनं."

"परत जेवा!"

पण एकानं एक कड धरली, दुसऱ्यानं दुसरी. "हलकी शे रे," एवढं म्हणून त्यांनी पेटी उचलली.

पेटी वर गेली. लुगडी गेली नाहीत.

लुगड्यांची ती चौकोनी चवड भुईवर जशीच्या तशी उभी, कोपरा न कोपरा धरून, आणि वर त्या दोन माणसांच्या हातात निळा पत्रा, गुलाबी कमळ आणि घट्ट लावलेलं कुलूप! मायनं पदर तोंडात कोंबला. दारात यमुना उभी होती, बाशिंग बांधलेली. तिनं पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिचे डोळे भरले. सासरी तिचं म्हणावं असं एकच काही मी देणार होतो, आणि ते आरपार दिसत होतं.

मला वाटलं, तापीला पाणी असतं तर बरं झालं असतं. मे महिना होता, गुडघाभरसुद्धा नव्हतं.

"मावशी," मी म्हणालो, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझी मान खाली गेली, "चूक मन्ही शे. बहीननी मले सांगं व्हतं. मी ऐकं नही."

मावशींनी पेटीचं ते सोंग फिरवून फिरवून बघितलं. पुढून, मागून, खालून. मग त्यांच्या खांद्याला हिसके बसू लागले. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या! डोळे पुसता पुसता त्यांनी कमरेच्या जुडग्यातून एक किल्ली काढली आणि यमुनेच्या हातात ठेवली.

"मन्ही पेटी शे घरमा. तुन्ही येस तोपर्यंत ती तुन्ही. कुलूप लाव, किल्ली तुन्हाजवळ ठेव. मीबी मांगाव नही." मग माझ्याकडे वळून पेटी घेऊन यायचं फर्मान काढलं, "अन भाऊ, तुम्हीन लई या पेटी. पन बठ्ठी लई या, सहाबी अंगनी!"

लुगडी चादरीत बांधून यमुना गेली. गाडी नदीच्या वाळूत उतरेपर्यंत सगळे रडत होते. फक्त मावशी मधूनमधून हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेटचं दुकान उघडायच्या आधीच मी पायरीवर बसलो होतो. फळी उघडताच म्हणालो, "पाच हात पत्रा द्या."

शेटनं चष्मा वर केला. "चार दिवसांपूर्वी तर नेला, नामाभाऊ. कमी पडला का?"

मी मान ताठ केली.

"पत्रा बरोबर होता, शेट. पेटीलाच बाजू जास्त निघाल्या."