सरकारसाठी काढलेला खोकला

माझं लग्न खोकल्याने मोडलं, आणि मला खोकला झालेलाच नव्हता.

आमचं गाव शहाडसमोर, उल्हास नदीच्या पलीकडे. एक दिवस दवंडी पिटली गेली, की उद्या कल्याणच्या कचेरीतला कारकून घरोघर येऊन जमीन किती आणि भात विकता किती ते विचारणार. बाबांनी ठरवून टाकलं, की हा शेतसारा वाढवायचाच डाव. (सरकारने ‘बरे आहात ना?’ म्हटलं असतं, तरी बाबांना त्यात सारा दिसला असता!) लगेच बैल काकांच्या गोठ्यात गेले, कणगीवर पेंढा पडला, आणि मला फर्मान सुटलं, की उद्या अंथरुणातून उठायचं नाही. कमावता मुलगा आजारी दिसला की कारकुनाला दया येईल म्हणे.

माझं लक्ष होतंच कुठे! ते खाडीकाठच्या एका मिठागरवाल्याच्या मुलीकडे लागलेलं. कल्याणच्या बाजारात तिच्याकडून मीठ घेतलं, तेव्हा तिने मापावर एक मूठ जास्त घातली आणि हसली. ती मूठ मी आईला दिलीच नाही, चिंधीत बांधून उशाशी ठेवली. मध्यस्थाने बोलणं लावलं होतं. आता तिचा मामा घर बघायला यायचा होता. आमच्यात मुलीचा मामा न कळवता येतो, घर असेल तसं दिसावं म्हणून.

सकाळी छत्रीवाला, पगडीवाला एक गृहस्थ ओटीवर टेकला. पाणी प्यायला आणि म्हणाला, “जमीन किती तुमची? भात विकता किती?”

बाबांनी हातच जोडले. जमीन तळहाताएवढी, तीही खाऱ्या पाण्याने खाल्लेली. विकायचं कसलं, पेजेलाही दाणा नाही, असं सगळं रडगाणं झालं. आईने डोळ्यांना पदर लावला. गृहस्थाने आत डोकावून विचारलं, “आणि हा मुलगा?”

मग मी असा खोकलो, असा खोकलो, की शेजारची म्हातारी काढा घेऊन धावत आली! गृहस्थ जोडे घालून निघाला. बाबांनी माझी पाठ थोपटली.

तेवढ्यात घामाघूम झालेला एक पोरगेला माणूस दप्तर सावरत आला आणि म्हणाला, मी कचेरीतला कारकून.

“मग आत्ताचा कोण?” आईने विचारलं. बाबा कपाळाला हात लावून ओटीवरच बसले.

शेवटी बाबांनी हताश होऊन त्याला विचारलं, की या चौकशा हव्यात तरी कशाला?

“जमिनीवरून पिकतं किती ते कळतं,” कारकून म्हणाला, “आणि विक्रीवरून घरचं भागून उरतं का ते. उद्या दुष्काळ पडला, तर आधी कोणाकडे धान्य पोचवायचं ते ठाऊक नको?”

“मामाही तेच बघायला आला होता हो,” आई म्हणाली. “पोरीला इथे पोटभर मिळेल का, एवढंच.”

मी नदीकडे धूम ठोकली. मामाची होडी मध्यावर पोचली होती. मी ठणठणीत आहे, असं ओरडायला तोंड उघडलं, तर धावून धावून दम लागलेला. खरोखरचा खोकला आला! मामाने एकदा वळून पाहिलं आणि छत्री उघडून पाठ केली.

तिचं लग्न दुसरीकडे झालं. आषाढात उशाच्या मिठाला पाणी सुटलं, चिंधी तेवढी राहिली. आता केस पिकले, तरी बाजारात मीठ घेताना माप झाल्यावर मी उगाच थोडा थांबतो. ती फार आठवते.

आणि अजूनही कोणी दारात येऊन जमीन विचारली, की मी आधी विचारतो, तुम्हाला लग्नाची भाची आहे का? नाही म्हणाला, तरच खोकतो.