अण्णांच्या खुर्चीपर्यंतची तार

हे नादरूपा नारायणा, कानांत शिरण्याआधी तू छातीत घुमतोस. कान मिटले तरी तू मिटत नाहीस. तुझ्या चरणी माथा टेकवून ही उल्काची गोष्ट सांगू या.

सन दोन हजार एकचा हिवाळा. जयंतच्या नोकरीमुळे उल्का पुण्याहून गुडगावच्या नव्या इमारतीत सहाव्या मजल्यावर राहायला आली होती. सोबत सासरे, विश्वनाथअण्णा. चाळीस वर्षे कीर्तनात पखवाज वाजवलेला हा माणूस; पण दोन वर्षांपूर्वी ऐकू येणे थांबले, पखवाजावर कापड पडले आणि हळूहळू अण्णांचे बोलणेही आटले. दिवसभर ते खिडकीतल्या उन्हात बसून असत.

एके दुपारी अण्णा एकाएकी म्हणाले, "लाइट गेली वाटतं." खाली जनरेटर सुरू झाला होता, आणि त्याची थरथर त्यांच्या तळपायांना कळली होती! उल्काने त्याच क्षणी मनाशी ठरवले, अण्णांना ठेका मिळालाच पाहिजे. तिने खर्ज घुमवणारा मोठा सबवूफर आणला, अण्णांच्या खुर्चीपाशी ठेवला आणि समोरच्या भिंतीजवळच्या अॅम्प्लिफायरपासून खोलीच्या मधून सरळ तार टाकली.

सकाळी अण्णा त्या तारेपाशी येऊन थबकले. उल्काने 'या ना' म्हणून हात केला.

"यातून नाद जाणार ना? मग हे वाद्यच. वाद्य ओलांडत नाहीत, बाळ."

जयंत हसू लागला. "चलो, झालं! आता खुर्चीच उचल."

"खुर्ची हलणार नाही. ऊन तिथंच येतं. तारच फिरेल."

"अगं, बारा फुटांची तार चाळीस फुटांची होईल, यार! आवाज पोचेल का?"

"लांब न्यायची तर जाड तार हवी, असं दुकानदार म्हणाला. आणते."

आणली, आणि मध्ये कुठेही जोड न देता अखंड नेली. स्टुलावर चढून, भिंतीच्या कडेकडेने, बाल्कनीच्या दाराच्या चौकटीवरून. काँक्रीटने खिळे वाकवले, हातोडीने अंगठा ठेचला. उल्का खाली उतरली नाही.

दुपारी पखवाजाची सीडी लागली. अण्णा खिडकीबाहेर पाहत राहिले. तिने आवाज वाढवला, तरी काही नाही. "राहू दे गं," जयंत हळूच म्हणाला. ती मात्र गुडघ्यांवर बसली, अण्णांचे लोकरीचे मोजे उतरवले आणि त्यांचे दोन्ही तळपाय सबवूफरच्या घुमणाऱ्या पेटीवर टेकवले.

अण्णांनी खिडकीबाहेरची नजर पायांकडे वळवली. बोटे मांडीवर चालू लागली, चुकली, पुन्हा समेवर आली. मग कपाळाला आठी पडली. "हा वाजवणारा गडी पळतोय! लय धर म्हणावं!" आणि लगोलग हुकूम सुटला, "उल्का, कणीक भिजव."

"आत्ता पोळ्या?" जयंत गोंधळला.

"पोळ्या कसल्या!" ती डोळे पुसत उठली. "कोपऱ्यातल्या पखवाजाच्या डाव्या तोंडाच्या पुडीला लावायची. कणकेशिवाय ती घुमते का कधी?"

नारायणा, त्या लेकीचे हात सदा बळकट ठेव. जयंतला सुबुद्धी दे, अण्णांच्या बोटांना आयुष्य दे आणि त्या सहाव्या मजल्यावरच्या घरात तुझा नाद अखंड नांदू दे.