अनसस्पेक्टिंग आत्या

वडील गेल्यावर चौलची आमची सुपारीची वाडी आत्यानंच सांभाळली, त्यामुळे घरात तिचाच शब्द चाले. "मुलीला सातवी पुष्कळ झाली," असं ती म्हणाली आणि माझी शाळा सुटली. पण माझा थोरला भाऊ अलिबागला शिक्षक होता. दर रविवारी तो घरी यायचा आणि माडीवर मला चोरून मॅट्रिकचं इंग्रजी शिकवायचा.

एकदा 'अनसस्पेक्टिंग' हा शब्द आला. मी अर्थ सांगितला, "भोळा."

"चूक," दादा म्हणाला. "भोळा माणूस सदाचाच भोळा. हा शब्द शहाण्यालाही लागतो. पाठीमागे काही शिजतंय आणि त्याला शंकाही नाही, तेवढ्यापुरता तो अनसस्पेक्टिंग."

"म्हणजे खाली सुपारी सोलत बसलेली आत्या!"

दादानं झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला.

परीक्षा मुंबईला होती. नशीब असं, की त्याच आठवड्यात गिरगावात मावसबहिणीचं लग्न निघालं. वाडी सोडून आत्याला येता येईना. तिनं आम्हा दोघांनाच पाठवलं. रेवसहून आगबोट सुटली तेव्हा मला धड बसवेना.

इंग्रजीच्या पेपरात काही शब्द वाक्यात वापरायचे होते. तिसरा शब्द वाचला. अनसस्पेक्टिंग! मी इंग्रजीत लिहिलं, 'माझ्या अनसस्पेक्टिंग आत्याला वाटतं, मी लग्नाचे लाडू खातेय.' हसू दाबायला पदर तोंडात धरावा लागला.

निकालाच्या दिवशी दादा अलिबागहून सायकल मारत आला आणि अंगणातूनच ओरडला, "पास!"

आत्या बाहेर आली. मी तिच्या पाया पडले आणि सगळं सांगून टाकलं, ते वाक्यसुद्धा. तिनं त्या शब्दाचा अर्थ विचारला. मी सांगितला.

"मग तुझे मार्क कापायला हवे होते," ती म्हणाली. "दर रविवारी माडीवरचं इंग्रजी मला खाली ऐकू यायचं. आणि लग्नाहून परतलेल्या मुलीच्या बोटांना शाई असते होय गं?"

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"सातवी पुष्कळ म्हणणारी मीच. पेपर कसे गेले, हे कुठल्या तोंडानं विचारू?"

तिनं दादाच्या पाठीत एक धपाटा घातला, माझ्या तोंडात गुळाचा खडा कोंबला आणि शेजारच्या वाडीत सांगायला ती अनवाणीच धावली.