खंडेनवमीचे हातमोजे

"मावशी, हात पदराखाली घ्या. फोटोत दिसतायत."

शेठच्या सूनबाईंनी हे अगदी गोड आवाजात सांगितलं. आमच्या काजू कारखान्यात खंडेनवमीची पूजा होती. नव्या मशीनला झेंडूच्या माळा, आणि समोर ओवाळायला आम्ही, बी फोडणाऱ्या बाया. टरफलाच्या तेलानं हात जळतात. कातडी काळी पडते, सोलते. पण हात पदराखाली घेऊन ओवाळायचं कसं? मी तसंही करून बघितलं. निरांजन पदराला लागता लागता राहिलं.

मग पांढरे, कोरे हातमोजे आले. वर्षानुवर्षं मागत होतो आम्ही. दर वेळी "बघू पुढच्या महिन्यात." फोटोसाठी पाच मिनिटांत आले.

मी सगळ्यांच्या पुढे. जावेची पैठणी मागून नेसलेली. शेठनी बोलावलंय म्हणून वाडीभर सांगून आलेली. मला वाटलं, माझा सत्कार आहे. पन्नाशीला आले तरी हौस बघा!

शेठ बोलायला उभे राहिले. म्हणाले, कोकणात आता रोजगार येतोय. मशीन चालवायला पुण्याहून दोन मुलगे आणलेत. फोडायच्या खात्यातल्या सगळ्या बायकांचं काम हे एकटं मशीन करील. सोमवारपासून बायकांना विश्रांती.

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. हातमोजे घालून टाळीचा आवाज येत नाही.

वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. नवरा अंथरुणाला खिळलेला, घरात मिळवती मी एकटी. हे सगळं दुसऱ्याच कुणा बाईचं ऐकावं तसं आठवलं. पैठणीची पिन खांद्याला टोचत होती, तेवढं मात्र कळत होतं.

"मावशी, आता मशीनला कुंकू लावा. कॅमेऱ्याकडे बघून," सूनबाई म्हणाल्या.

मी हातमोजे काढले. तबकात ठेवले.

"मी नाय लावणार."

शेजारची सुलू कुजबुजली, "वयनी, लाव गो. फोटोच तर हाय."

"माझ्या जाग्यावर बसवलंय ते. त्याला मी नाय ओवाळणार."

शेठ हसले. "मावशी, नाटकं नकोत. सोमवारपासून तुम्हाला तसंही काम नाही."

"मग आज तुमचं कशाला ऐकू?"

माझंच तोंड, आणि मीच दचकले. सुलूनं माझ्याकडे बघितलं. मग तिनंही हातमोजे काढले, तबक खाली ठेवलं. पाठोपाठ बाकीच्यांनी.

सोमवारी आम्ही कामावर आलो. आत घेतलं नाही, म्हणून फाटकापुढे बसलो. एकच मागणं: मशीन चालवायला आम्हाला शिकवा. येणारेजाणारे विचारतात, तुम्हाला बटणं कळणार का? त्या पुण्याच्या मुलग्यांना काय आईच्या पोटात कळली होती?

काल शेठची गाडी हॉर्न वाजवत राहिली. आम्ही उठलो नाही. शेवटी गाडी वळवून ते मागच्या फाटकानं आत गेले.

उद्यापासून निम्म्या जणी तिथे बसणार.