दुसऱ्याच्या गुन्ह्याची पाच वर्षं

दोन हजार सहाच्या आसपासची गोष्ट. आम्ही अमेरिकेतल्या डब्लिन गावात राहत होतो. नवऱ्याच्या व्हिसावर आल्यामुळे मला नोकरीला बंदी होती. नागपूरला कॉलेजात गणित शिकवणारी मी दिवसभर घरी बसून कंटाळले होते. शेजारणीच्या चर्चतर्फे बायकांच्या तुरुंगात विनामोबदला वर्ग चालत. "गणित शिकवशील का?" तिने विचारलं, आणि मी लगेच हो म्हटलं.

तुरुंग मक्याच्या शेतांपलीकडे होता. शाळा अर्धवट सुटलेल्या बायका तिथे परीक्षेची तयारी करत. त्यांतली एक चाळिशीची होती. ती स्वतः केव्हाच पास झाली होती, पण नवीन आलेल्यांना अपूर्णांक समजावायला वर्गात येऊन बसायची. तरुणपणी तिच्या मित्राने एक दुकान लुटलं आणि दुकानदाराला गोळी घातली. ही बाहेर गाडी चालू ठेवून बसली होती. जन्मठेप झाली. शिक्षा संपायच्या आधी तिला कायमचं सोडायचं की नाही, हे पॅरोल बोर्डाच्या हातात होतं.

भागाकारात अपूर्णांक उलटा का करायचा, असं तिने एकदा मला विचारलं. मी म्हटलं, "तसा नियम आहे."

"नुसतं कुणी सांगितलं म्हणून मी आता काही करत नाही, मॅम," ती म्हणाली. "एकदा केलं होतं."

मग मी बसून तिला कारण समजावलं.

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये बोर्डापुढे तिची सुनावणी होणार होती. तुरुंगातल्या अधिकाऱ्यांनी तिच्याबद्दल चांगलं लिहिलं होतं. तिच्या मुलीने घरी तिच्यासाठी खोली रंगवून ठेवली होती. "पिवळा रंग दिलाय," ती मला म्हणाली, "मला पिवळा आवडत नाही, पण तिला सांगू नका."

आणि त्याआधीच, उन्हाळ्याच्या शेवटी दुसऱ्याच एका शहरात, पॅरोलवर सुटलेल्या एका माणसाने एका तरुण मुलीचा खून केला. त्या मुलीचा हसरा फोटो टीव्हीवरून हलेना. राज्याच्या गव्हर्नरची निवडणूक तोंडावर आलेली. एक उमेदवार म्हणाला, पॅरोल आवळू. दुसरा म्हणाला, मी त्याहून आवळीन.

शनिवारी आमची मराठी मंडळी एकेक पदार्थ घेऊन जमत; त्या पॉटलकमध्येही तोच विषय निघाला. एक काका पावभाजी वाढून घेत म्हणाले, "असल्या लोकांना सोडायचंच कशाला? आपले टॅक्सेस कशासाठी भरतो आपण?"

मी माझ्या विद्यार्थिनीबद्दल सांगितलं.

"आणि तो दुकानदार?" काका म्हणाले. "त्याच्या बायकोला विचारलंस का कधी?"

मी विचारलं नव्हतं. पण ती बायको बोर्डाला आधीही ठाऊक होतीच. नवीन होता तो फक्त टीव्हीवरचा फोटो.

सुनावणीनंतरच्या आठवड्यात ती नेहमीच्या जागी येऊन बसली. तिची सुटका पाच वर्षं पुढे ढकलली होती. कारण दिलं होतं, गुन्ह्याचं गंभीर स्वरूप.

"त्यांनी मला त्या पॅरोलवाल्या माणसाबद्दल विचारलं," ती म्हणाली. "तू त्याच्यासारखं करणार नाहीस कशावरून, म्हणे. मी त्याला कधी पाहिलंही नाही."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? सॉरी म्हटलं."

माझा संताप संताप झाला. तिने मात्र शेजारच्या पोरीची वही ओढली आणि तिची चूक दाखवायला लागली.

निवडणूक झाली. जिंकलेल्याने सुरक्षेचे नवे नियम आणले आणि बाहेरच्यांचे वर्ग बंद झाले. हे मला तुरुंगाच्या ऑफिसातल्या बाईंनी फोनवर सांगितलं. मी विचारलं, निदान तिला पत्र लिहू का? स्वयंसेवकांनी कैद्यांशी संबंध ठेवायचा नाही, असं उत्तर मिळालं. नियम आहे, म्हणाल्या.

पुढे नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही दुसऱ्या राज्यात, प्लेनोला आलो. घर मोठं मिळालं. इथेही निवडणुकीच्या दिवसांत टीव्हीवर कुणाचा तरी फोटो असतो, आणि काकू लोक हळहळतात. मीही हळहळते, मेलेल्या माणसासाठी. मग कुठल्या तुरुंगात, कुणाची सुनावणी जवळ आली असेल, याचा विचार करते. तो मात्र मी पॉटलकमध्ये बोलून दाखवत नाही.